आभाळवाडीला जाणारी गाडी

अण्णा,

तुमचा आवाज सापडला. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला घोर नको. तुमची सवयच होती ती, कुणाचंही पत्र आलं की आधी शेवट बघायचा, सगळे बरे आहेत ना याची खात्री करायची, आणि मग चष्मा पुसून पहिल्यापासून वाचायला घ्यायचं.

आवाज हरवला होता हे तुम्हाला ठाऊक नसणार. मी आईलाही कधी बोलले नव्हते. घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तुम्ही बोललाच नाहीत. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचात. तुम्ही गेलात आणि माझ्या कानात तेवढा चमचा राहिला. तुमचा चेहरा आठवायचा, खिशाला दोन पेनं लावलेला शर्ट आठवायचा, तुम्ही काय काय म्हणाला होतात तेही शब्दन् शब्द आठवायचं, पण ते सगळं माझ्याच आवाजात. ज्या माणसाच्या आवाजावर अख्खा एसटी स्टँड पिशव्या उचलून धावायचा, त्याच्या मुलीला तो आठवू नये याची लाज वाटायची, आणि मग रागही यायचा, कुणाचा ते कळायचं नाही. ताईच्या लग्नाची कॅसेट खटपट करून सीडीवर घेतली. तिच्यात तुम्ही चांगले दोन-तीनदा दिसता. व्याह्यांशी हात हलवून बोलताय, एकदा आचाऱ्याला झापताय. पण त्या शूटिंगवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवून ठेवली आहेत. तुमचे ओठ हलतात आणि कुठलीशी नायिका गाते. तो माणूस मला एकदा भेटायला हवा आहे.

आता सापडला कसा, ते सांगायचं तर तुम्हाला आमचा खेळ समजावून सांगावा लागेल, आणि तो ऐकून तुम्ही हसणार. हसा. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की मी डोंबिवलीहून वर्तकनगरला जाते. तिथे माझ्या एका मैत्रिणीचं घर आहे, ती दातांची डॉक्टर. तिची कॉलेजात जाणारी भाची असते, आणि माझ्या ऑफिसातला एक मित्र, दिवा स्टेशनजवळच्या जुन्या गावातला. त्यांची मिठागरं होती, आता तिथे इमारती आहेत. असे आम्ही चार जण टेबलाभोवती बसतो. एकाने सूत्रधार व्हायचं आणि एक जग सांगायचं. बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं आणि आपण काय करू ते बोलायचं. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. बस, एवढंच. पन्नाशीला टेकलेली बाई असली सोंगं करते म्हणून आई पहिल्यांदा खूप हसली. आता रविवारी डबा भरून देते.

गेल्या महिन्यात नवा खेळ सुरू करायचा ठरला आणि सूत्रधार होण्याची पाळी माझी आली. मी आजवर अंग चोरून होते. दुसऱ्याच्या जगात तलवार फिरवणं सोपं असतं. जग उभं करायचं म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. म्हणून म्हटलं, चौघं मिळून ठरवू. तर पहिल्या तासातच भांडण. भाचीला मंत्र हवेत, राक्षस हवेत, बोलणारी झाडं हवीत. डॉक्टरीणबाईंना अंतराळयानं, यंत्रमानव आणि ग्रहावरून ग्रहावर उड्या. ही म्हणते चेटकीण ठेवलीस तर मी खेळत नाही, ती म्हणते मग तू तुझ्या क्लिनिकमध्येच बस. मित्र आपला शेंगदाणे खातोय. मी दोघींच्या तोंडाकडे बघत बसलेली, आणि अचानक मला आपला स्टँड आठवला.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. आई माहेरी गेलेली, ताईची परीक्षा, म्हणून तुम्ही मला ड्युटीवर घेऊन गेलात. तुमची ती काचेची केबिन, टेबलावर माइक, आणि भिंतीवर गाड्यांच्या वेळा. एक ड्रायव्हर फलाटावर गाडी वाकडी लावतो, तुम्ही तणतणत बाहेर जाता, आणि मी खुर्चीवर गुडघे टेकून बटण दाबते. 'फलाट क्रमांक तीनवर आभाळवाडीला जाणारी गाडी लागत आहे.' इतकंच. मला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. एक म्हातारेबुवा उठले, दोन बायका टोपल्या उचलून तीन नंबरला जाऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे आणखी चार जण. माइकवर सांगितलंय म्हणजे गाडी असणारच, एवढाच त्यांचा विचार. तुम्ही धावत आत आलात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. बटण दाबून म्हणालात, आभाळवाडीला जाणारी गाडी काही कारणाने रद्द करण्यात आली आहे, प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी आहे. आणि मग माझ्याकडे वळलात.

तुम्ही मला मारलं नाहीत, पण मारलं असतंत तर बरं, असं वाटायला लावलंत. 'बाहेर उभी राहिली ती माणसं खरी आहेत ना? गाडी सांगायची तर ती कुठून जाते ते माहीत पाहिजे. थांबे कुठले, शेवटच्या गावी मुक्कामाला राहिली तर ड्रायव्हर-कंडक्टर झोपतात कुठे, त्यांना भाकरी कोण देतं. एवढं ठाऊक असेल तर बोल, नाहीतर माइकला हात लावायचा नाही.' मी घरी येईपर्यंत रडत होते. आपण तेव्हा ठाण्यात खोपटला दोन खोल्यांत राहायचो. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलात, पिठलं-भात कालवलात, आणि अगदी साध्या चेहऱ्याने विचारलंत, 'मग काय, आभाळवाडी कुठल्या मार्गे?' मला कळेना की हा अजून रागच आहे का. घाबरत घाबरत म्हटलं, डोंगरावरून. तुम्ही म्हणालात, एवढी लांब गाडी त्या वळणावर वळणार नाही, दुसरा रस्ता शोध. मग मटार सोलताना, रविवारी भाजी आणायला जाताना, कितीतरी दिवस आपण तो रस्ता शोधत होतो. आई वैतागायची, म्हणायची, पोर परवडली पण हिचा बाप आवरा. मला आयुष्यात पुष्कळ वस्तू भेट मिळाल्या, पण माझी थाप कुणी इतकी मनावर घेतली नाही.

तर वर्तकनगरला त्या दुपारी मी भांडण तोडून म्हटलं, थांबा. आभाळात सात जगं टांगलेली आहेत आणि त्यांच्यामध्ये गाड्या धावतात. गाड्या फार जुन्या, कुणा शहाण्या लोकांनी बनवलेल्या, ते लोक कधीच संपले. इंजिन सगळं शास्त्राने चालतं, पण ते शास्त्र आता कुणाला येत नाही. ड्रायव्हर बिचारा सकाळी उदबत्ती लावतो, नारळ फोडतो, मंत्र म्हणतो आणि चावी फिरवतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणजे नारळाचा काही उपयोग नाही. मी म्हटलं, आहे. नारळ फोडला नाही तर गाडी सुरू होत नाही, का ते तूच शोधून काढ. भाचीने टाळी वाजवली. डॉक्टरीणबाईंनी तोंड वाकडं केलं, पण वही पुढे ओढली, तेव्हा मी ओळखलं की ही आता खेळणार.

तेवढ्यात मित्राने शेंगदाणे बाजूला ठेवले. तो ऑफिसात आमच्यासारखंच बोलतो, पण एखादी गोष्ट मनाला लागली की गावची बोली येते. 'मंग ती गारी रातची ऱ्हायाची कुठं?' म्हणाला. त्यांच्या गावात पूर्वी वस्तीची गाडी यायची, रात्री मुक्काम करून पहाटे परत निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरला कुठल्या घरून जेवण जाणार यावरून गावात चुरस असायची, आणि गाडी मुक्कामाला असली की भावकीतली भांडणंसुद्धा तेवढ्यापुरती थांबायची, परक्या माणसासमोर शोभा नको म्हणून. आम्ही तिथेच कायदा केला. ज्या जगात गाडी मुक्कामाला, तिथे त्या रात्री लढाई नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध एक मोठा तळ, तिथे एक म्हातारा नियंत्रक. तो ज्या गाडीचा मार्ग पुकारेल तोच रस्ता आभाळात उघडतो. तो पुकारायचा थांबला तर जगं एकमेकांपासून सुटत जातील, हळूहळू, कायमची. हे मी बोलून गेले आणि मग माझं मलाच कळलं की मी कुणाला कुठे नेऊन बसवलंय.

भाची म्हणाली, 'मावशी, तो बोलतो कसा? करून दाखव ना.'

अण्णा, मी फासा उगाच हातात फिरवत बसले. त्या खेळात सूत्रधाराने सगळ्यांचे आवाज काढायचे असतात, आणि मला येत होता फक्त पेल्यावरचा चमचा. मी पाणी प्यायले. म्हटलं, काहीतरी म्हाताऱ्यासारखं खोकून वेळ मारून नेऊ. तोंड बाजूला वळवून घसा साफ केला, तुम्ही माइकपासून वळवायचात तसं, आणि ते करतानाच मानेत काहीतरी ओळखीचं झालं. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे.' किंचित नाकातून. 'निळी दरी,' आणि मग तो तुमचा थांबा, लोकांना वाटायचं की तुम्ही विसरलात, 'मार्गे, आभाळवाडीला जाणारी गाडी,' शेवटचं अक्षर थोडं ओढून, वर न नेता खाली सोडून दिलेलं. मी ऐकत होते. मी बोलत होते आणि तुम्हाला ऐकत होते. मला वाटलं की मला तसा भास होतोय, इतकी वर्षं हवा होता म्हणून मी कुठलाही आवाज उचलून तुमचा म्हणतेय.

मित्र खुर्चीवरून अर्धा उठलेला. म्हणाला, 'अरे, हा तर आपल्या स्टँडवरचा आवाज! कॉलेजात असताना मामाकडे जायचो तेव्हा ऐकायचो. तो मधेच थांबायचा ना, त्यात मी एकदा गडबडून भलत्याच गाडीत बसलेलो. तू कुठे ऐकलास?'

मी त्याला कधीही सांगितलं नव्हतं की तुम्ही कुठे नोकरीला होता. कुणालाच नाही. मी म्हटलं, ते माझे वडील. आणि मग जे व्हायचं ते झालं, त्या डॉक्टरीणबाईंनी पेपर नॅपकिनचा गठ्ठाच पुढे केला. पण ते रडणं निराळं होतं. पायातला काटा निघाल्यावर माणूस हसत रडतं ना, तसं. दुसऱ्या दिवशी आईसमोर करून दाखवलं. ती कुकरची शिट्टी लावत होती. तिने हात थांबवून ऐकलं आणि म्हणाली, 'मार्गेच्या आधी आणखी थोडं थांबायचे.' बस, मग कुकर लावला. आता ती मधूनच मला सांगते, जरा म्हण गं, आणि मी म्हणते. घरात मोकळं मोकळं वाटतं. चमचा अजून ऐकू येतो, पण आता त्याच्या आधीची वर्षंही ऐकू येतात.

एवढं लिहिलं तर पाठवायला पत्ता नाही, हे ठाऊक आहे. तरी लिहायला बसले, कारण परवाच्या रविवारची एक गोष्ट आहे आणि ती मी त्या टेबलावर सांगू शकत नाही. खेळ रंगात आलेला. त्या तिघांची माणसं तळावर पोहोचली, तिथे अंधारातून एक लोखंडी राक्षस आला, कुणालाच न आवरणारा, आणि त्याने नेमका नियंत्रकाच्या गळ्यावर घाव घातला. म्हातारा वाचतो की नाही ते आता माझ्या फाशावर. सूत्रधाराचा फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे पडतो, त्यांना दिसत नाही. पहिल्याच दिवशी मीच नियम केला होता, की या जगात कुणाचे लाड नाहीत, म्हाताऱ्याचेही नाहीत, फासा सांगेल ते होईल. डॉक्टरीणबाई श्वास रोखून बसलेल्या. मित्र म्हणाला, टाक. मी टाकला. फासा घरंगळला, आडोशाला टेकला आणि दोनवर थांबला.

मी त्यांना अठरा सांगितले.