खदानीतली उडी आणि कैनाडचं घर

मी, जयवंती काकड्या धांगडा, वय अठ्ठावन्न, राहणार कैनाड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी रागात आहे. पण राग जुना आहे, त्याने बुद्धी फिरायची तर कधीच फिरली असती. दस्तलेखक सुनिलभाऊ म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात शिव्या चालत नाहीत." म्हणून त्या गाळल्या आहेत. कुठे कुठे होत्या ते वाचणाऱ्याला कळेलच.

माझा धंदा सिनेमात नायिकेच्या जागी पडण्याचा. वडील ताडी काढायचे; त्यांच्यामागे मी आणि शेजारची रखमी लहानपणापासून ताडावर चढायचो. पुढे डहाणूच्या किनाऱ्यावर शूटिंग आलं, तेव्हा नायिकेचा विग आणि साडी घातलेला एक बाप्या ताडावर अर्ध्यात थरथरत अडकला. त्याला उतरवायला आम्ही दोघी चढलो, आणि फाईट मास्टरने आम्हालाच कामाला घेतलं. अकरा वर्षं आम्ही घोड्यावरून, जिन्यावरून, छपरावरून पडलो. पडद्यावर फक्त आमची पाठ दिसली. तोंड दिसलं की शॉट फुकट, असं मास्टर बजावायचा. स्वतःचं तोंड मात्र तो दिवसभर वाजवायचा.

कलम १. कैनाडचं माझं राहतं घर, मागची चिकूची सहा झाडं आणि विहिरीवरचा पंप माझ्या पश्चात रखमी लाहू वाडू हिला मिळावा. ती माझी नातेवाईक नाही. का द्यायचं ते लिहिते, म्हणजे उद्या कोर्टात कोणी 'म्हातारी भुलली' म्हणायला नको.

१९९६ साली तलासरीकडच्या एका बंद खदानीत शूटिंग होतं. नायिकेने कड्यावरून पाण्यात उडी घ्यायची होती, म्हणजे आमच्यापैकी एकीने. सकाळी मी बांबू टाकून पाणी मोजलं. कंबरेएवढं. मास्टरला म्हटलं, "इथे माणूस मरेल."

तो म्हणाला, "मग तू बस. रखमी करील."

रखमी मला विचारायला आली. "जया, तू का नाय करत?"

"ताप आहे मला," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. पाण्याचं बोलले नाही. त्या महिन्यात मास्टर तिचीच तारीफ करत होता आणि मला ते सोसत नव्हतं. वाटलं, जरा खरचटेल, तोरा उतरेल. तिने उडी घेतली आणि पाठीचा कणा मोडला. कंबरेखाली तिला तेव्हापासून काही कळत नाही. युनिटवाल्यांनी तिला जीपमध्ये घातलं, दवाखान्यात 'घरच्या झाडावरून पडली' असं सांगितलं आणि जेवण उरकून पुढचा शॉट लावला. मी त्याच दिवशी धंदा सोडला. एकोणतीस वर्षं तिला माझ्या घरात ठेवलं, न्हाऊ घातलं, कुशीवर वळवलं. गाव मला देवमाणूस म्हणतं. गावाला अक्कल नाही.

कलम २. भावाचा मुलगा संदीप याला एक शाल आणि चांदीच्या रंगाचं एक प्लॅस्टिकचं स्मृतिचिन्ह द्यावं. दुसरं काहीही देऊ नये.

गेल्या डिसेंबरात डहाणूत एका दुकानाच्या उद्घाटनाला त्या खदानीच्या सिनेमातली नायिका आली होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. फुकटची प्रसिद्धी तिने पुष्कळ खाल्ली आहे. संदीपचा मंडप-डीजेचा धंदा, कार्यक्रम त्याच्याकडे. त्याने मधेच, ती शाल आणि ते स्मृतिचिन्ह देऊन, आत्याचा सत्कार घुसवला. बाई दर मुलाखतीत सांगते तसं तिने तिथेही सांगितलं, की ती उडी तिने स्वतः मारली होती. मी माईक घेतला.

"बाई, पाणी किती होतं?"

"खूप खोल हो, मावशी! अजून अंगावर काटा येतो."

"कंबरेएवढं होतं. उडी मारणारी माझ्या घरी खाटेवर आहे. येता बघायला? रिक्षाने जवळच आहे."

बाई घड्याळाकडे बघून हसली. संदीपने माझ्या हातातून माईक काढून घेतला. "आत्याचं आता वय झालंय! एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

टाळ्या झाल्या.

कलम ३. माझे गुडघ्यांचे आणि कोपरांचे पॅड शेजारच्या हिरीला द्यावेत. लोकांच्या लाद्या पुसून तिचे गुडघे सुजतात. सिनेमापेक्षा ते काम पुष्कळ इज्जतीचं आहे. विग जाळून टाकावा.

कलम ४. मी मेल्यावर संदीप पेपरवाल्यांना बोलावील. त्यांना दारातून परत पाठवावं. माझा फोटो छापून त्याखाली 'शूर' हा शब्द कोणी घालू नये. शूर असते तर त्या दिवशी तोंड उघडलं असतं.

कलम ५. हे कलम मागाहून जोडलं आहे. वरचा मजकूर मी रखमीला वाचून दाखवला. पाणी मला ठाऊक होतं, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "तापाचं परत वाच."

परत वाचलं.

"मी तुझ्यासाठी गुळवेल तोडून आणलेली," ती म्हणाली. "उडीच्या आधी. काढा करून देणार होते."

मग तिने फोन मागितला आणि कासा गावाहून आपल्या भाचीला, योगिताला, बोलावून घेतलं. योगिता दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आली. रखमीला उचलायला मी नेहमीसारखी वाकले, तर ती म्हणाली, "तू नको." ड्रायव्हर आणि योगिताने तिला उचललं. ती कासाला गेली. त्याला तीन आठवडे झाले.

सुनिलभाऊंनी विचारलं, "मग कलम एक रद्द करायचं ना?"

नाही. घर रखमीचंच. तिने राहावं, विकावं, नाहीतर पाडावं. कागद योगिताने तिच्या हातात द्यावेत. मृत्युपत्राची अंमलबजावणीही योगितानेच करावी. माझ्या मयताचा निरोप रखमीला द्यावा, पण 'ये' असं म्हणू नये.

हे सर्व मी वाचून, समजून सही केली.

सही: जयवंती काकड्या धांगडा

आमच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली; त्यांच्यासमोर आम्हीही केली.

साक्षीदार १: दिपक चैत्या वायडा, कैनाड
साक्षीदार २: तुळशी बाबल्या घाटाळ, कैनाड

स्थळ: डहाणू
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५