सुनेचं अर्धं ताट

मंगळवार, १४ तारीख, संध्याकाळ

सुनेला मुलगी झाली. दीड किलोची. काचेच्या पेटीत ठेवलीय. दूध ओढेल ना?

मीच नऊ महिने सांगत होतो, "बेटा, अर्धंच ताट घे. लेकरू मोठं झालं तं डॉक्टर पोट चिरतीन." माझी बायको अडून बाळंतपणातच गेली, बाळ मोठं होतं, असं सुईण म्हणाली होती. तीच भीती. पण रोज अर्धं ताट? आधी कोणाला तरी विचारायला हवं होतं.

आज नर्स सुनेवर रागावली, "काहून जेवत नोती व तू?"

सून माझ्याकडं न बघता म्हणाली, "घरचे तं जेव जेव म्हणत, सिस्टर. मलेच भूक नोती लागत."

मी शेजारीच उभा होतो. "मीच सांगितलं" एवढंही तोंडातून निघालं नाही.