उजव्या हाताचे सहा ठिपके

५ जून

चि. खारूस (पेन्सिली कुरतडणाऱ्या भाचीला दुसरं काय म्हणावं?),

मामाचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग एक गंभीर तक्रार. तू पाठवलेल्या तक्त्यात माझा उल्लेख ‘नमुना क्रमांक चार’ असा आहे. मी नमुना आहे हे घराण्यात सर्वमान्यच आहे. वाद आहे तो क्रमांकाचा. आई पहिली, बाबा दुसरे, समजू शकतो. पण तिसरी तुझी घरमालकीण? सख्ख्या मामाच्या आधी? इतका अपमान आमच्या मुख्याध्यापकांनाही जमलेला नाही, आणि त्यांनी प्रयत्नांत कसूर केलेली नाही.

असो. तुझ्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी शिक्षकांच्या खोलीत प्रयोग उरकला. शिपायाने पट्टी उभी धरून न सांगता सोडायची, मी ती चिमटीत पकडायची. जितका उशीर तितका आकडा मोठा. प्रत्येक हाताने दहादा केलं. सगळ्याची मिळून सरासरी एकोणीस सेंटिमीटर. व्याकरणाचा मास्तर असलो तरी समदर्शी आहे, हातांत डावं-उजवं केलेलं नाही.

आठवडाभर ऊन नाही. खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो.

लोभ असावा, आणि चौथ्या क्रमांकाचा नसावा.

तुझा मामा

१२ जून

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. घरमालकीण खालच्याच मजल्यावर राहते, म्हणून आधी सापडली. तू शेजारी राहायला ये, पहिला क्रमांक देते.

तुझी सरासरी दाखवली तर आमच्या बाई मला वर्गाबाहेर काढतील. त्यांच्या मते सरासरी म्हणजे झाकण. आत काय आहे ते बघायचं तर प्रत्येक आकड्याचा ठिपका मांडायचा. परवा एकाने आलेखात नुसते दोन खांब काढून आणले, तर ह्यावर छप्पर कधी घालणार म्हणून विचारलं त्याला. तेव्हा सगळे आकडे पाठव. डावे वेगळे, उजवे वेगळे.

आणि हे काय, पत्र टाइप केलेलं? माझ्या अक्षराला लहानपणापासून नावं ठेवणारा तू! आई म्हणते, तिलाही हल्ली असंच आलं. ती जरा खट्टू झाली आहे.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे, त्याची सरासरी काढू नकोस.

तुझी खारू

१९ जून

चि. खारूस,

आशीर्वाद. तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. वर्गात असा एक तरी माणूस हवा. आकडे घे.

डावा: १५, १६, १४, १७, १५, १६, १८, १५, १४, १६.
उजवा: २१, २६, १९, २८, २४, २७.

टाइप करतो ते अशासाठी की उतारवयात हाताशी एखादी कला असावी. आईला सांग, रुसण्यासारखं त्यात काही नाही. यंदा माझ्या वर्गात पाचच मुलं आहेत. त्यातलं एक झोपतं, पण वेळेवर झोपतं.

कळावे, लोभाची उधारी चालू ठेवावी.

तुझा मामा

२६ जून

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. ठिपके मांडले. डावे दहा एका ठिकाणी दाटीवाटीने बसले आहेत. उजवे त्यांच्या बरेच वर, आणि विखुरलेले. बाईंनी विचारलं, ही दोन वेगळी माणसं आहेत का? मी नाही म्हणाले, आणि ठिपके पुन्हा मोजले.

उजवे सहाच आहेत, मामा. आधी वाटलं, टाइप करताना राहिले असतील. बाई म्हणतात, नसलेला आकडा शून्य धरायचा नाही आणि गाळूनही टाकायचा नाही. जागा रिकामी ठेवायची आणि कारण लिहायचं. काय लिहू?

ह्या वेळी थट्टा नको.

तुझी खारू

२ जुलै

चि. खारूस,

आशीर्वाद. लिही: पकडता आली नाही.

चारदा पट्टी जमिनीवर गेली. चिमूट मिटलीच नाही. शिपाई आधी हसला, म्हणाला की सर मुद्दाम सोडताहेत. चौथ्यांदा त्याने पट्टी उचलली, शर्टाला पुसली, आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवली.

हिवाळ्यापासून असं आहे. सही वाकडी येते, म्हणून टाइप करतो. फळ्यावर लिहिणं सोडलं; सगळं तोंडी सांगतो. मुलांना वाटतं, सर पाठांतर मिरवतात. डॉक्टरांची वेळ दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा शाळेत काम काढलं. कामं कसली, कपाट लावलं.

तुझ्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं, आधी उजवी चिमूट. शेवटची काही वर्षं तुझ्या आजीने त्यांना भरवलं, बटणं लावली, कूस बदलून दिली. तू लहान होतीस, तुला ते नुसते खुर्चीत बसलेले आठवत असतील. मी ते सगळं जवळून पाहिलं आहे. हे पत्र आईला दाखव. मला तिच्याशी बोलायला धीर होत नाही.

लोभ आहे, तो वाढवायला आता मी सांगत नाही. तुम्ही दोघी या.

हाताचं जे व्हायचं ते होईल. काळजी निराळीच आहे. तुझ्या आजोबांना तुझी आजी होती. माझ्या घरात दुसरं माणूस नाही.

मामा