हाकेच्या टप्प्यात

माय, माझ्या दंडावर आता एक पांढरं बटण चिकटलेलं असतं. स्वेटरच्या बटणाएवढं. त्याची बारीक तार कातडीच्या आत जाते आणि अंगातली साखर किती आहे ते सारखं फोनवर दिसत राहतं. साखर फार उतरली की फोन ओरडतो. पहिल्यांदा ओरडला तेव्हा मी डेअरीत दुधाचे कॅन लावत होते, आणि फोनकडे न बघताच मोठ्यानं म्हणाले, "हाय गं माय." दूध घालायला आलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

त्यांना काय सांगणार? मी लहान असताना, घरात साखर मोजायचं काहीच नव्हतं तेव्हा तूच माझं मोजमाप होतीस. सकाळी सुई टोचायचीस आणि मग दिवसभर हाका मारायचीस. खुरपत असलीस तरी मान वर न करता, "हाय का गं?" मी "हाय" म्हणायचे. त्या एका शब्दावरून तुला कळायचं. उत्तर जड आलं, उशिरा आलं किंवा मी उगाच खेकसले की तू खुरपं टाकून गूळ घेऊन धावत यायचीस. राग खरा असला तरी आधी तोंडात गूळ. धड भांडूसुद्धा दिलं नाहीस मला कधी.

दुष्काळ पडेपर्यंत माझ्या इन्सुलिनची बाटली गावच्या दूध सोसायटीच्या फ्रीजमध्ये असायची, चेअरमनच्या मागं लागून तूच ती ठेवायला लावली होतीस. मग गावची जनावरं चारा छावणीला गेली, दूध थांबलं, सोसायटीला कुलूप लागलं आणि फ्रीजही बंद झाला. मला मागं ठेवायला तू तयार नव्हतीस, म्हणून आपण दोघी म्हशी घेऊन युसूफ वडगावकडच्या छावणीत राहायला गेलो. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात. टँकर आला की पाणी आधी त्या फडक्याला, मग आपल्याला. जनावरांच्या हंबरण्यात तुझी हाक माझ्यापर्यंत पोचेना, तेव्हा तू आजूबाजूच्या बायकांना शिकवून ठेवलंस. शेण भरता भरता अनोळखी बायका मला विचारताहेत, हाय का गं पोरी, आणि मी लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी. त्यांच्यातल्या एका धनगर बाईनं तुला विचारलं होतं, "बाई, दिसभर पोरीलाच हाका मारती. तुजा जीव विटत न्हाई का?"

"विटतो की," तू म्हणालीस. "पर तिनं ओ दिली की घडीभर बरं वाटतं. मंग परत भ्या वाटतं."

हे मी म्हशीच्या आडून ऐकलं होतं. अजून ऐकते. तुझा भाऊ वारला तेव्हा तू माहेरी मातीला गेलीस आणि तिसऱ्याला न थांबता त्याच दिवशी परत आलीस. नारायणगडाच्या जत्रेला साऱ्या आळीच्या बायका निघायच्या, तू नाही. मातीचा तो एक दिवस सोडला तर माझ्यापासून हाकेच्या टप्प्याबाहेर तू गेलीच नाहीस, आणि मी मात्र लग्न होऊन घाटनांदूरला आले. माझ्या माघारी तू रिकाम्या घरात हाका मारायचीस, असं शेजारीण तुझ्या दहाव्याला म्हणाली. पुढं तिनं काय सांगितलं ते मी ऐकून घेतलं नाही. कधीकधी वाटतं, ते घर अजून मला विचारत असेल आणि मी ओ देत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी डेअरीतच पडले. डोळे उघडले ते दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, कमरेला लावायचा पंप मिळतो, तो आपणहून औषध सोडत राहतो. पण तो मिळवून देणाऱ्या संस्था लहान मुलांचं बघतात, तुमच्या वयाला कोण देणार? निदान सेन्सर लावा, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनला जोडा, कारण साखर उतरल्यावर तुमचं तुम्हाला काही सुचणार नाही. इथल्या औषधवाल्यानं तर हे काय असतं म्हणून मलाच विचारलं. शेवटी माझी लेक पुण्याहून पाठवते, एक संपायच्या आत दुसरा.

तुझ्या जावयाचा फोन रानात झाडाला पिशवीत लटकलेला असतो. म्हणजे जोडायला राहिली लेकच. नुकती नोकरीला लागलेली. मी नाही म्हणाले. माझ्या आईचा जन्म मी खाल्ला, तुझा खाणार नाही, असं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू पडलीस हे मला गावातल्या लोकांकडून कळायला पाहिजे का?" मग मी जोडून दिला.

आता माझी साखर उतरली की पुण्यात तिचा फोन वाजतो आणि ती हातातलं काम टाकून मला फोन करते. "बोल आई," एवढंच म्हणते. मी बोलेपर्यंत ती श्वास धरून थांबते. कशातून उठून आलीस विचारलं तर सांगत नाही. तिचं हसणं तुझ्यासारखं नाही, चालणं तुझ्यासारखं नाही, पण ते श्वास धरून थांबणं तुझं आहे.

हे तिला मी दाखवणार नाही आणि तुला ते पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. परवा दुपारी हात थरथरायला लागले. घाम फुटला. बिस्किटाचा पुडा समोरच होता, फोडलेला. मी हात लावला नाही, माय. तिचा फोन येईपर्यंत तशीच बसून राहिले.