सत्तावीस मीटरचा गर्डर आणि सरूबाईचा ओटा

५ जानेवारी, सोमवार
आजपासून ट्रेलरवर. दीड वर्ष बंद बॉडीचा दहा टायरी ट्रक चालवला, वाटलं गाडी ती गाडी. तसं न्हाई. याला भिंतीच न्हाईत. नुसता चाळीस फुटी लोखंडी पाट, उघडा. ठेवलं ते सगळ्या जगाला दिसतं. बावीस टायर. सकाळपासून तीनदा मोजले, उगीच.
उस्ताद हबीबभाई. (पुढं ह.भा. लिहीन.) जालन्याचेच, वय अठ्ठावन्न, तीस वर्षं ट्रेलरवर. म्हणले, "मास्तर, दोन दिवस हात लावायचा न्हाई. सिर्फ देखना." मी शाळेत शिकवत होतो हे त्यांना कुणी सांगितलं काय माहीत. आता अख्खा अड्डा मला मास्तर म्हणून राह्यला.
घरी रेखानं विचारलं, भीती वाटली का. न्हाई म्हणलं. वाटलं ते भीतीसारखं नव्हतंच. वेरूळच्या लेण्यात पहिल्यांदा मान वर केली तेव्हा झालं होतं तसं.

८ जानेवारी, गुरुवार
सळई भरली. क्रेननं बंडल टेकवलं की गाडी हळूच खाली बसते. दर वेळी. मी दर वेळी बघतो.
मंग साखळ्या आवळायच्या. ह.भा. पहारीनं एकेका साखळीला टोला देऊन ऐकतात. आवळलेली वाजते, ढिली नुसती थप करते. मला डोळे मिटायला लावले. अकरा साखळ्या. दोन चुकलो.
"फिरसे."
परत अकरा. एक चुकलो.
"ती एक कुणाच्या तरी डोक्यावर जाती, मास्तर."
 

१२ जानेवारी, सोमवार
पहिली खेप माझ्या हातानं. जालना ते नांदेडकडं, म्हणजे वाटूर फाट्यावरून. म्हणजे घरावरूनच.
बाबा फाट्यावरच्या हॉटेलापुढं बाकड्यावर पेपर वाचत बसले होते, रोजच्यासारखे. मी हॉर्न दिला. त्यांनी पेपर खाली घेतला न्हाई.
ह.भा. म्हणले, "कौन था?"
"वडील."
 ह.भा. म्हणले, "आरसा बघ. पीछे वाला हॉर्न दे रहा."
बाबांनी परतूरच्या धान्याच्या मोंढ्यात पस्तीस वर्षं पाठीवर पोती वाह्यली. आपल्या पोरानं ओझं उचलू नये म्हणून. मी डी.एड. झालो, सहा वर्षं तासिकेवर विज्ञान शिकवलं, मंग ते तासबी गेले. ज्या दिवशी ट्रकवर गेल्तो त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. "शेवटी ओझंच," इतकंच म्हणले होते.
पण बाबा, हे ओझं... जाऊ दे. हे समोर कधी बोलणं होणार न्हाई.

१७ जानेवारी, शनिवार
रिव्हर्स. मोकळ्या मैदानात चार तास. स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं की मागचा पाट डावीकडं जातो. डोक्याला माहीत, हाताला पटत न्हाई. सहाव्या वेळी ट्रेलर नि इंजिन अर्धं घडी घातल्यासारखं दुमडलं. ह.भा. खाली उतरून जमिनीवर बसले, डोकं धरून.
फळ्यावर किती वेळा काढलं असेल. टेकू, अंतर, बल. पोरं लिहून घ्यायची. आज ते सगळं पाठीच्या मणक्यात कळलं. सुमारे चार वाजता एकदम जमलं. पाट माझ्या मनात होतं तिथं गेला, अलगद. मी केबिनमधी एकटाच हसून राह्यलो.

२४ जानेवारी, शनिवार
मोठं काम आलंय. गोदावरीकडच्या एका ओढ्यावर नवा पूल होऊन राह्यला, त्याचे चार लोखंडी गर्डर न्यायचे. जालन्यातून अंबड, घनसावंगी, कुंभार पिंपळगाव, तिथून पुढं आत. ह.भा. चालवणार, मी मागं चालत इशारा करणार. असं ठरलं होतं.
दुपारी साखळी आवळताना पहार सटकली. ह.भां.च्या खांद्यात. हाड सरकलं. दवाखान्यात ते बसवलं, हात गळ्यात बांधून दिला. डॉक्टर म्हणले दीड महिना स्टेअरिंग न्हाई.
बाहेर आल्यावर माझ्याकडं बघितलं. "तू चलाएगा."
म्हणलं, मला तीन आठवडे झालेत.
"मालूम है. मैं पीछे चलूंगा."

२८ जानेवारी, बुधवार
आज गर्डर बघितला. कारखान्याच्या शेडमधी आडवा होता. सत्तावीस मीटर. एका टोकाला उभा राह्यलो तर दुसऱ्या टोकाचा वेल्डर अंगठ्याएवढा. उंची माझ्या छातीपर्यंत. हात लावला, गार होता. माणसांनी पत्रे जोडून हे केलं, अन् हे उद्या हवेत पडून राहील, त्यावरून एसटी जाईल, बैलगाडी जाईल, नवरीची गाडी जाईल. मी शेडमधी किती वेळ उभा होतो कोण जाणे. वॉचमननं विचारलं, "काय हरवलं का?"
ट्रेलरची मागची चाकं सरकवून लांब केलीत. आरशात शेवट दिसतच न्हाई.

३० जानेवारी, शुक्रवार
सकाळी सातला निघालो. पुढं जीप, त्यात बांबूवाला, विजेच्या तारा उचलायला. ताशी पंधराच्या वर न्हाई. अंबडपासून लोक दारात येऊन उभे. एक म्हातारबा हात जोडून उभे राह्यले, गर्डरला का मला, ठाऊक न्हाई. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी आपणहून बाजू दिली. एरवी ते कुणाला देत न्हाईत.
कुंभार पिंपळगाव बराबर पार. तिथून आतल्या गावापर्यंत बी.
मंग ते वळण.
मेन रोडवरून उजव्या हाताला ओढ्याची वाट फुटते. कोपऱ्यावरच एक घर अन् घरापुढं दगडी ओटा. मी जितका रुंद घेता येईल तितका घेतला. इंजिन वळलं. पाट वळेना, आतल्या अंगानं कापत सरळ ओट्याकडं. ह.भा. मागून ओरडले, "रोक!" ओट्यात अन् गर्डरमधी दीड हात राह्यला होता, चाकांना अजून पाच हात जायचं होतं.
रस्ता बंद. ठेकेदाराच्या माणसानं लगेच जेसीबीला फोन लावला. "ओटा काढला की झालं. तासाभराचं काम."
घरातून एक बाई आल्या. साठीच्या. हिरवं लुगडं, हातात सूप. सरूबाई. येऊन ओट्यावर बसल्या.  बसल्या नुसत्या.
मी गाडी मागं घेऊन मेन रोडच्या कडंला लावली.

३१ जानेवारी, शनिवार
आज इथला आठवडी बाजार. वळणासमोरच्या मैदानात भाजी, मिरच्या, कपडे, कोंबड्या. हलायचा प्रश्नच न्हाई. आमचा गर्डर बाजाराच्या कडंनं असा पडलेला, अन् दुपारपर्यंत त्याच्या सावलीत चार बायका लसूण विकायला बसल्या होत्या.
सरूबाईंनी आम्हाला चहा दिला. ओट्यावरच. ह.भां.चा खांदा बघून हळद लावायला लागल्या, ते नको नको करून राह्यले.
मी म्हणलं, "मावशी, ओटा जुना दिसतो."
"मालकानं बांधला. ओढ्यातून एकेक दगूड डोक्यावर आणला. आता ते न्हाईत. सांजच्याला हितंच बसती मी."
जेसीबी दुपारीच येऊन उभा होता. त्याचा ड्रायव्हर त्यांची नजर चुकवत होता.

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळी सरूबाई स्वतःच आल्या, आंघोळ करून. म्हणल्या, "पाडा."
मी जेसीबीकडं बघितलं.
"पाडा म्हणते ना. लेक माझी पल्याड दिली. ह्या ओढ्याला पाणी आलं की चार-चार महिने तिचं तोंड दिसत न्हाई. गेल्या साली बाळंत झाली, मी हितं, ती तिथं. पोराचा आवाज फोनवर ऐकला मी. पूल होऊ द्या."
अन् ओट्यावरचं अंथरूण, पाण्याचा माठ, सगळं उचलून आत न्यायला लागल्या. एकट्याच. जेसीबीवाला खाली उतरून माठाला हात लावायला गेला, त्याला नको म्हणल्या.
माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. "मावशी, एक दिवस थांबा. एकदा मला बघू द्या."
ठेकेदाराचा माणूस चिडला. एक दिवस म्हणजे क्रेन उभी, माणसं उभी. ह.भां.नी त्याला बाजूला घेतलं. काय बोलले माहीत न्हाई. तो उद्या बारा वाजेपर्यंत थांबतो म्हणला.
मंग मी सुतळी घेतली. मैदान मोजलं, वाट मोजली, वळण मोजलं. बाजार उठल्यावर मैदान मोकळं होतं, वळणाच्या बराबर समोर. काडीनं मातीत आकृती काढली. पुढून घुसलो तर पाट ओटा कापणारच. पण मागची चाकं आधी वाटेत घातली तर? पाट सरळ आत जाईल, अन् फिरायचं ते इंजिन फिरेल, मैदानात. तिथं जागा हाय.
म्हणजे उलटं जायचं. वळणातून, अन् पुढं ओढ्यापर्यंत. एक कि.मी. रिव्हर्समधी.
ह.भा. आकृतीकडं लई वेळ बघत उकिडवे बसले. एका हातानं दाढी खाजवली. म्हणले, "तीस साल में नहीं किया मैंने." मंग, "चाक यहाँ तक आया तो?" मी दाखवलं. "और यहाँ?" मी दाखवलं. तिसऱ्या जागी माझं चुकलं होतं, त्यांनी बोटानं रेघ पुसून नवी ओढली.
झोपायच्या आधी रेखाला फोन. सगळं सांगितलं. ती म्हणली, "तुम्ही वर्गात असंच बोलायचे."

२ फेब्रुवारी, सोमवार
झालं. ओटा शाबूत हाय.
सकाळी नऊला सुरू केलं. अख्खं गाव, शाळासुद्धा. तिथल्या मास्तरांनी वर्गच बाहेर आणून मैदानाच्या कडंला बसवला. ह.भा. मागं, डावा हात गळ्यात, उजवा वर. मला गर्डरचं टोक दिसत न्हाई, फक्त त्यांचा हात दिसतो, आरशात, चिमुकला. हात डावीकडं, मी उजवीकडं फिरवतो. हात थांबतो, मी थांबतो. वीतभर, परत थांब.
अर्ध्या वळणावर त्यांचा हात वरच राह्यला. लई वेळ. पायाखालचा ब्रेक सोडून बाकी अंग नव्हतंच मला. नंतर कळलं, तेव्हा सरूबाई ओट्यावर उभ्या होत्या अन् ह.भा. त्यांना खाली उतरा म्हणून राह्यले होते. त्या म्हणल्या, "मी हाय ना हितं, मी बघते किती राह्यलं ते. चार बोटं. येऊ द्या."
मंग ह.भां.नी हात खाली केला. ये.
आलो. चार बोटांनी.
पोरं ओरडली. ठेकेदाराचा माणूस बी. पुढचा एक कि.मी. दोन तास लागले, दोन्ही बाजूला ज्वारी, अन् मी पाठमोरा चाललेला. ओढ्यावर क्रेननं गर्डर उचलला तेव्हा माझी गाडी हळूच वर आली. हलकी. मी खाली उतरून रस्त्याच्या कडंला बसलो. 
ह.भा. शेजारी बसले.  मंग म्हणले, "हौ." तेवढंच.

९ फेब्रुवारी, सोमवार
दुसरा गर्डर. वळण सव्वा तासात. सरूबाई बोटं मोजायला हजर.
परत येताना घनसावंगीच्या पुढं फोन वाजला. बाबा. त्यांनी मला फोन करून किती महिने झाले असतील. वाटलं, आईला काही झालं का. उचलला.
"गाडी चालवून राह्यला का?"
"हो."
"बाजूला घे आधी."
घेतली.
"शिक्षक भरतीच्या यादीत नाव आलं तुझं. पेपरात न्हाई, पोरांनी मोबाईलवर दाखवलं. मी कागद छापून घेतलाय."
दोन वर्षांपूर्वी परीक्षा दिल्ती. विसरलो होतो म्हणलं तर खोटं होईल. विसरायला लावलं होतं मनाला.
 मी "बरं" म्हणलं.  ह.भा. खिडकीतून बाहेर बघत होते.

११ फेब्रुवारी, बुधवार
रेखा खूष. लपवून राह्यली, पण खूष. रास्तच हाय. ती म्हणते, निर्णय तुमचा. आई म्हणते, देवळासारखी शाळा सोडून कोण चाकावर राहील. मी कुणाला काही बोललो न्हाई. शाळेत शेवटच्या दिवशी मुलांनी फळा पुसू दिला न्हाई, ते आठवतं. अन् गर्डर हवेत उचलला तेव्हाची ती गाडी.

१८ फेब्रुवारी, बुधवार
तिसरा गर्डर. दुपारी वळणावर पोचलो तर गर्दीत बाबा.
रेखाला विचारून वाटूरहून पहिल्या एसटीनं आल्ते. धुतलेला सदरा, पांढरी टोपी. खिशात चौपदरी कागद, बाहेर डोकावत होता. मला वाटलं इथंच काढतील, सगळ्यांपुढं. पण ते आधी गाडीकडं गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, हात गर्डरला लावून. मंग साखळीला बोट लावलं. ह.भा. पुढं झाले, "जयभीम, दादा." बाबा म्हणले, "जयभीम. हे किती टन?" "तीस." बाबा लई वेळ तीस, तीस, असं पुटपुटले. पोत्याच्या हिशोबात बसवून राह्यले असतील.
सरूबाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं.
मी रिव्हर्स घेतला. आरशात ह.भां.चा हात, अन् त्याच्या मागं ओट्यावर पांढरी टोपी, उभी राह्यलेली. गाडी चार बोटांवरून जाताना ती टोपी काढून हातात घेतलेली दिसली.
ओढ्यावर ते चालत आले, एक कि.मी. माझ्या पुढून, पाठमोऱ्या गाडीच्या तोंडासमोर, जणू मला पोचवायला निघालेत.
जेवायला बसलो तेव्हा म्हणलं, "बाबा, कागद?"
"हाय खिशात." भाकरी मोडत म्हणले. "जेव आधी."
जेवण झालं. त्यांनी कागद काढला न्हाई. मी परत मागितला न्हाई. परतीला केबिनमधी बसवून वाटूरपर्यंत आणलं. रस्ताभर फक्त बाहेर बघत होते, उंचावरून. उतरताना दार धरून थोडा वेळ उभे राह्यले. "लई दिसतं रे हितून," म्हणले.
कागदपत्र पडताळणी शुक्रवारी, जालन्यात, सकाळी दहा. चौथा गर्डर शुक्रवारी, निघायचं सात वाजता. ह.भां.चा हात अजून गळ्यात.