तिसऱ्या मजल्यावरचा खड्डा

आप्पा, तुमचं घर पाडलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि तेवढंच राहून जाईल. आता तिथं चार मजली बिल्डिंग उभी आहे. खाली झेरॉक्सवाला आणि चहाचं दुकान, तिसऱ्या मजल्यावर मी आणि माझ्या डोक्यावर कॉलेजच्या पोरी. तुम्ही गेलात तेव्हा वडगावच्या आपल्या गल्लीत सकाळी बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं, इतके माग चालायचे. आता सकाळी कुणी खोकलं तरी समोरच्या घरात कळतं. समोरच्यांनी पावरलूम भंगारात घातले आणि त्या खोल्या पलंग टाकून पोरींना भाड्यानं दिल्या. त्यांच्या शेजारी जिम झाली, त्याच्या पलीकडं मोमो म्हणून कायतरी उकडलेलं विकतात, आणि संध्याकाळी तिथं एवढी झुंबड असते की स्कूटर वळवायची पंचाईत. पण नावं तरी कुणाला ठेवू? मीच कॉलेजच्या ऑफिसात जन्म काढला, ह्याच पोरांचे दाखले लिहीत.

तुमचा माग मात्र मी हलवला नव्हता. अर्धी साडी विणून तुम्ही मागाखालच्या खड्ड्यातून वर आलात, छातीत कळ येते म्हणालात आणि परत त्यात पाय सोडून बसलाच नाहीत. ती साडी तशीच मागावर राहिली. मी रोज धूळ झाडायची, सणाला हळदकुंकू लावायची, पण धाग्याला हात लावला नाही. तुमचा नेम मला पाठ होता. ताण्याचं उभं सूत संपत आलं की शेवटचं वीतभर फणीत तसंच ठेवायचं आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्याला सांधायचा. माग कधी रिकामा करायचा नाही. आजोबांनी चढवलेल्या पहिल्या ताण्यापासून तुमच्या शेवटच्या ताण्यापर्यंत असं धाग्याला धागा लागत आलं होतं. सांधायचं काम आईचं होतं. तिचे डोळे अधू झाल्यावर ते माझ्याकडं आलं.

तेव्हा मी कॉलेजातून यायची, चहा प्यायची, मागाच्या पाठीमागं बसायची. थाळीत चुलीतली राख. बोटं राखेत बुडवायची, जुन्याचं टोक आणि नव्याचं टोक धरायचं आणि पिळायचं. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून गाठी मारल्या. तुम्ही आडव्या धाग्याचा धोटा टाकलात, फणी ओढलीत आणि धागे तटातट तुटले. "गाठ मारतीयास व्हय गं? गाठ फणीत अडकती. पीळ दे, पीळ. धाग्यालाबी कळू नये जुना कुठं संपला." मी मुसमुसायला लागले, तर तुम्ही खड्ड्यात बसल्या बसल्या हात लांब करून माझं नाक पुसलंत. तुमच्याही बोटाला राख, ती सगळ्या तोंडाला फासली गेली. स्वयंपाकघराच्या दारातनं आई बघत होती, ती पोट धरून हसली. त्यानंतर मी गाठ मारली नाही.

धाकट्याचे पुण्याहून फोन येत होते. "आक्का, किती दिवस त्या खड्ड्याला राखण बसणार गं? एखाद्या दिवशी भिंत अंगावर पडली, तर मी हितनं काय करू?" त्याचं चूक नव्हतं. मागची भिंत फुगली होती आणि पावसाळ्यात मी मागावर ताडपत्री घालून स्वतः छत्रीखाली जेवायची. शेवटी बिल्डरच्या कागदावर सही केली. खोटं कशाला बोलू, घराचं मला फारसं काही वाटलं नाही. पण एक भीती पोटात बसली ती बसलीच: हा धागा तुटला तर तुम्हाला यायला वाट राहणार नाही. हसू नका. तुम्ही येत होतात. दुपारी मी स्वयंपाकघरात असले की मागाचं लाकूड करकरायचं, तुम्ही दोन्ही हात टेकून खड्ड्यात उतरायचात तेव्हा करकरायचं ना, अगदी तसं. "चहा टाकू का?" असं मी भर दुपारी मोठ्यानं विचारलेलं आहे.

मागाचं लाकूड मागायला एकजण आला. पिरनवाडीच्या रस्त्याला कॉलेजच्या पोरांसाठी तो मोठं कॉफीचं दुकान काढत होता आणि त्याला शोभेला जुना माग पाहिजे होता. मी म्हटलं, ने बाबा, जळणात जाण्यापेक्षा बरं. त्याचा सुतार आला आणि आल्या आल्या कात्री काढून म्हणाला, "मावशी, पयला हे सूत कापून घेतो." "हात लावशील तर बघ!" मी अशी ओरडले की तो बिचारा दोन पावलं मागं गेला. मग आम्ही दोघांनी मिळून सोडवलं. पुढून विणलेली साडी गुंडाळत आणली, मागून ताणा गुंडाळत आणला, मध्ये फणी, आणि सगळं तुमच्या धोतरात बांधलं. एकसुद्धा धागा तुटला नाही आप्पा. पायानं दाबायच्या पावड्या काढायला तो शेवटी खड्ड्यात उतरला आणि म्हणाला, "मावशी, खाली लई गार हाय की ओ." मला माहीत होतं. थंडीत तुमचे पाय मीच तेल लावून चोळत होते.

बिल्डिंगचं काम सुरू झालं तेव्हा मी बिल्डरला एकट्याला गाठलं. माणूस वाईट नाही. म्हटलं, "माझ्या एका खोलीत खड्डा ठेवता येईल काय हो? लई न्हाई, गुडघ्याएवढा." "कशाला ओ आक्का?" "पाय सोडून बसायला." तो हसायला लागला, मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला. "आक्का, तुमच्या फरशीखाली दुसऱ्याचं किचन येतंय. पाय त्यांच्या आमटीत जातील." मीही हसले. भाड्याच्या खोलीवर येऊन मात्र लई रडले. कॉफीच्या दुकानातही एकदा जाऊन आले. माग चकचकीत पॉलिश करून लाकडी चौथऱ्यावर ठेवलाय. पावड्या नुसत्या लोंबतायत आणि त्यांच्याखाली टाईल्स. पोरं त्याच्यापुढं उभी राहून फोटो काढत होती. तुम्ही तिथं बसणार कसे, पाय कुठं ठेवणार, हेच माझ्या डोक्यात. कॉफी अर्धी टाकून आले.

नव्या घरात तुमच्या धोतराचं बोचकं मी कपाटावर ठेवलं आणि वाट बघत राहिले. सिमेंटचं घर करकरत नाही. दुपार दुपार नुसती पंख्याखाली बसून कान देत होते. मला वाटलं, धागा राखला पण जागा राखली नाही, संपलं आता. मग एका सकाळी सुरू झालं. खट्, खट्, खट्. मध्ये जरा थांबायचं, तुम्ही धोटा ह्या हातातून त्या हातात घेताना थांबायचात तेवढंच, आणि परत खट्. बोचकं खाली उतरवलं, मांडीवर घेतलं आणि फरशीवर बसून राहिले. भ्याले होते आणि आनंदही झाला होता, दोन्ही एकदम. त्या दिवसापासून मी सकाळी दोन कप चहा करायला लागले.

मग एक दिवस वरच्या पोरी दारात आल्या. चांगल्या आहेत, जिन्यात पिशवी दिसली की हातातून घेतात. "काकू, आमच्या वॉशिंग मशीनचा आवाज येतो का हो खाली? तिचा एक पाय आखूड आहे, लई डुलते. खाली पुठ्ठा घालू का?" दाराची कडी धरून मी उभी होते. स्वयंपाकघरात दुसरा कप झाकून ठेवलेला होता. म्हटलं, "असू दे गं. मला काय त्रास न्हाई."

परीक्षा संपल्या आणि पोरी आपापल्या गावी गेल्या. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडं देऊन गेल्यात. हे पत्र कुठं टाकू, आप्पा? घर नंबर तोच आहे. पोस्टमन आणून माझ्याच हातात देईल. म्हणून टाकत नाही. पण एक सांगायचं आहे, आणि ते धाकट्याला सांगता येण्यासारखं नाही. काल सकाळी मी वर गेले, तुळशीला पाणी घातलं आणि पोरींची मशीन चालू करून खाली येऊन बसले. रिकामी मशीन नीट डुलत नाही. म्हणून आज धुतलेलीच चादर परत घेऊन गेले.