लेकीच्या बटणांचा सराव

४ मार्च
लेकीला ऑक्युपेशनल थेरपीला नेलं. सात वर्षांची झाली तरी शर्टाची बटणं लावता येत नाहीत. बोटांत जोर कमी आहे म्हणे. एप्रिलमध्ये शाळेची मुक्कामाची सहल आहे. स्वतःचे कपडे स्वतः घालणाऱ्यांनाच नेणार. हिने बॅग आत्ताच भरून ठेवलीय. थेरपिस्ट बाईंनी तिला मातीच्या गोळ्यातले मणी शोधायला लावले, कपड्यांचे चिमटे लावायला लावले, शेवटी झोका. याला उपचार म्हणतात? हे तर मीही करीन. बाईंना तसं सांगितलं. त्या हसल्या. पटलं असावं.

५ मार्च, सकाळी
होमवर्क: बटण अर्धं मी काजात घालायचं, उरलेलं तिने ओढायचं. जास्त मदत करायची नाही. संयम माझ्या रक्तातच आहे.

५ मार्च, जरा वेळाने
पाऊण घातलं. उशीर होत होता.

९ मार्च
आज पूर्ण घातलं. पण तिने नीट बघितलं. बघूनही वळण लागतं, असं माझं मत. बायको म्हणाली, आधी तुला वळण लावायला हवं. दुर्लक्ष केलं.

१७ मार्च
लेक कंटाळली म्हणून चिमटे मीच लावले. अंगठ्यात भलताच जोर आलाय. पद्धत गुणकारी आहे.

२६ मार्च
बाईंनी विचारलं, घरचा सराव कसा चाललाय? म्हटलं, जोरात. लेक छताकडे बघत होती.

८ एप्रिल
बाईंनी आत बोलावलं. लेकीने जीभ बाहेर काढून गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावली. माझे डोळे भरून आले. मेहनत फळाला आली, म्हणालो. बाई म्हणाल्या, इथे तर ती कधीचीच लावतेय. मग घरी का नाही, असं मी लेकीला विचारलं.
"बाबा, तुला लावायला आवडतं ना, म्हणून."
होमवर्क बदललं. आता ते मला आहे. तिचं आवरेपर्यंत दोन्ही हात खिशात.

१५ एप्रिल
सहलीची सकाळ. हात खिशात. एक बटण भलत्याच काजात गेलं. घाम फुटला. तिचं तिलाच दिसलं. सोडलं, परत लावलं. बॅग उचलून बसमध्ये चढली आणि खिडकीतून ओरडली,
"बाबा, आता काढ हात. टाटा करायचाय ना?"
केला. बस कोपऱ्यावर वळून गेली तरी करत होतो. बायकोने दंडाला धरून घरात आणलं.